चार रिकाम्या पुंगळ्या आणि मामांची भट्टी

आज हेडफोन लावले असतील तर बरं, कारण आधी एक आवाज ऐकवायचा आहे.

(वाचणाऱ्यांसाठी: दगडी फरशीवर धातूची छोटी वस्तू पडल्याचा आवाज, चार वेळा. पहिले तीन 'टिण्ण' करून लांबतात. चौथा 'टक' करून जागीच थांबतो.)

परत ऐकायचा असेल तर पंधरा सेकंद मागे जा. तो चौथा आवाज ऐकून माझ्या मामांनी हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. का ठेवलं, ते आजच्या भागात सांगतो.

आम्ही भंडाऱ्याचे. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. शाळेत असताना आम्हाला ते पाठ होतं, पण त्याचा अर्थ कळायचा तो लग्नसराईत. आंदणाला पितळेचे गुंड, पराती, गंगाळं लागायची आणि मामांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. कारखाना म्हणजे काय, घरामागची टिनाची शेड, भट्टी, ऐरण, लाकडी मोगऱ्या आणि कायमचा ठोकण्याचा आवाज. आता स्टीलने बरंच खाल्लंय. मामा अजून करतात, पण नवीन कमी आणि दुरुस्ती जास्त.

भंडाऱ्याची दुसरी ओळख जवाहरनगरची. तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी १९६० च्या दशकात उभी राहिली. ती तोफगोळ्यांत आणि काडतुसांत लागणारी दारू आणि स्फोटकं बनवते. म्हणजे बघा, एकाच जिल्ह्यात एकीकडे पितळ आणि दुसरीकडे दारू. काडतुसाचे दोन मुख्य भाग आमच्याकडे शेजारी-शेजारी राहतात. माझ्या मामेभावाच्या डोक्यात जे आलं ते असंच आलं असावं.

मामेभाऊ वीस वर्षांचा आहे. नाव नाही सांगत, हा भाग तोही ऐकणार आहे. मागच्या पावसाळ्यानंतर एका रात्री त्याचा फोन आला. "दादा, तुझं क्रेडिट कार्ड पाहिजे होतं. एक डाय मागवाची आहे." मी म्हटलं कसली डाय? तर त्याने मला एक रील पाठवली. अमेरिकेतला कुणी दाढीवाला माणूस गॅरेजमध्ये उभा आहे, टेबलाला एक प्रेस बसवलेला आहे. तो झाडलेली रायफलची पुंगळी घेतो, वंगण लावतो, प्रेसमध्ये घालतो, दांडा खाली ओढतो आणि पुंगळी पुन्हा नव्यासारखी. खाली गाणं चालू. एकदम समाधान देणारा व्हिडिओ, खोटं कशाला बोलू, मीही तीनदा पाहिला.

प्लॅन असा होता. त्याच्या मित्राच्या आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची .३१५ ची रायफल आहे. .३१५ म्हणजे आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावर मिळणारी नेहमीची रायफल. लष्कराची ७.६२, ५.५६ ही मापं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. आजोबांच्या धानात रानडुकरं येतात. आता परवाना आहे म्हणून डुक्कर मारता येतं असं नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, पण तो आजचा विषय नाही. काडतूस महाग, आणि परवान्यावर आकडा लिहिलाय तेवढीच मिळणार. तर आमच्या हिरोचं म्हणणं, "रिकाम्या पुंगळ्या फेकाच्या काहून? बाबांची भट्टी हाय, पितळ आपल्याले समजते. डाय आली का झालं." आणि पुरावा म्हणून आजोबांच्या डब्यातल्या चार पुंगळ्या त्याने न विचारता खिशात घालून आणल्या होत्या.

मी कार्ड दिलं नाही. पण त्याला 'नाही' म्हणून गप्प बसवण्याइतकं मलाही ठाऊक नव्हतं, हे आधी कबूल करतो. म्हणून शनिवार-रविवार भंडाऱ्याला गेलो आणि त्याआधी दोन रात्री जे मिळेल ते वाचलं.

आता जरा तांत्रिक बोलतो, पण सोपं आहे.

काडतुसाची पुंगळी साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. या मिश्रणाला इंग्रजीतही काडतुसाचंच पितळ म्हणतात. पितळच का? घोडा दाबला की आत दारू पेटते आणि दाब वाढतो. लष्करी ७.६२ च्या काडतुसात तो साधारण ४,००० बारपर्यंत जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. या दाबाने पुंगळीची भिंत फुगून रायफलच्या पोलादी चेंबरला चिकटते, त्यामुळे गरम वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. गोळी बाहेर पडली की दाब उतरतो आणि पितळ किंचित आक्रसतं. किंचितच, पण तेवढ्यामुळेच पुंगळी बाहेर ओढता येते. पोलाद फारसं ताणलं जात नाही, ते आपल्या मापावर परत जातं. पितळ मात्र पूर्ण परत येत नाही. झाडलेली पुंगळी थोडी जाडी झालेली असते.

म्हणून ती परत वापरायची तर दाबून मापावर आणावी लागते. त्यालाच रीसायझिंग. डाय म्हणजे पोलादी साचा. कुणी फक्त मान दाबतं, म्हणजे जिथे गोळी धरली जाते तो भाग. कुणी सबंध पुंगळी दाबतं. वंगण कमी पडलं तर पुंगळी साच्यात अडकते, जास्त झालं तर खांद्यावर खड्डे पडतात. खांदा किती मागे ढकलायचा, तर नेहमीच्या बिनकडेच्या पुंगळीत सुमारे ०.०५ मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षा कमी! त्याहून कमी ढकलला तर बोल्ट बंद होत नाही. जास्त ढकलला तर पुंगळी चेंबरमध्ये सैल बसते आणि दर वेळी झाडताना बुडाच्या जरा वर ताणली जाते. तिथे आतून भिंत पातळ होत जाते, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस पुंगळीचे दोन तुकडे होतात. .३१५ च्या पुंगळीला बुडाशी कडा असते आणि ती कडेवर टेकते, खांद्यावर नाही. म्हणजे त्या रीलमधला माणूस जे माप सांगत होता ते आमच्या हिरोच्या पुंगळीला तसं लागूच नव्हतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग .३१५ ची डाय मागवू." उत्साह दांडगा.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं शेडमध्ये. मामा एका जुन्या गुंडाचा काठ नीट करत होते. मामेभावाने आधीच सांगून ठेवलं होतं की दादा येतोय, बाबांशी तूच बोल. मी पुंगळ्या पुढे केल्या आणि सरळ विचारलं, "मामा, हे पितळ दाबून बारीक करता येते का?"

मामांनी एक पुंगळी उचलली, उजेडात फिरवली. म्हणाले, "येते ना. काहून नाई येणार? पन हे किती डाव ठोकून झालं हाय, तुले माहीत हाय का?"

प्रश्न साधा होता, पण मला त्यातच सगळं सापडलं. मी दिवसभर कोड लिहितो. आमच्याकडे चांगलं फंक्शन कोणतं, तर तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट देणारं. मी डायकडे तसंच पाहत होतो. पुंगळी घाला, दांडा ओढा, माप बाहेर. पण पितळ तसं नाही. त्याच्यावर आधी काय-काय झालंय ते सगळं त्याच्या आत साठलेलं असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. तीच डाय, तोच जोर, पण मऊ पुंगळी एका मापावर राहते आणि कडक पुंगळी दाब सुटल्यावर उसळून थोडी परत मोठी होते.

मामांनी पत्र्याची एक पट्टी कापली, दोन बोटं रुंद. माझ्या हातात दिली, म्हणाले वाकव. वाकली. परत सरळ कर. जरा जोर लागला. परत वाकव. चौथ्या-पाचव्या वेळेला ती चक्क अंगठ्याला नको म्हणायला लागली, आणि मग वाकते तिथे बारीक चिरली. दुसरी पट्टी तीन वेळा वाकवून त्यांनी भट्टीत धरली. शेडमध्ये अंधार ठेवतात ते यासाठीच, मला लहानपणी वाटायचं लाइट बिल वाचवतात. अंधारात पट्टी मंद लालसर दिसली की काढली, पाण्यात बुडवली. लोखंड असं पाण्यात घातलं तर कडक होतं, पितळ नाही होत. ती पट्टी परत लोण्यासारखी वाकली.

यात होतं काय, तर पितळेच्या आत स्फटिकांचे बारीक दाणे असतात. ठोकलं, ओढलं, वाकवलं की दाण्यांच्या आत गुंता वाढत जातो आणि धातू सरकायला तयार होत नाही. ओढून कडक केलेलं पितळ नरम पितळेच्या दुपटीहून जास्त कडक असू शकतं. तापवलं की जुने गुंतलेले दाणे जाऊन नवे, मोकळे दाणे तयार होतात. साधारण ४२५ अंशांपासून पुढे हे पत्र्यात नीट होतं. मामांना अंश माहीत नाहीत, रंग माहीत आहे. मठारकामात प्रत्येक फेरीनंतर भांडं तापवावं लागतं, नाहीतर तडा जातो. काडतुसाच्या कारखान्यातही हेच. आपल्याकडे खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा, दुसरा जळगाव जिल्ह्यात वरणगावला, दोन्हीकडे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. काडतुसाची पुंगळी मुळात पितळेची छोटी वाटी असते, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात आणि मधे-मधे तापवून नरम करतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी डाग दिसतो ना, तो गंज नाही. शेवटी मान तापवल्याची ती खूण असते.

आणि इथे मामेभावाला वाटलं की तो जिंकला. "म्हंजे बाबा, तापवलं का परत नवीन!"

मामा म्हणाले, "कोठचं तापवशील?"

कारण पुंगळीची मान नरम हवी, पण बूड कडकच हवं. बुडाला मागून चेंबरचा आधार पूर्ण नसतो, तिथेच प्रायमर बसलेला असतो. बूड नरम झालं तर दाबाने पसरतं आणि वायू मागे येतो, म्हणजे डोळ्याकडे. आणि पितळ उष्णता किती पटकन वाहून नेतं ते ज्याने पितळी तपेल्याचा काठ उघड्या हाताने धरलाय त्याला विचारा. मामा गुंडाचा काठ नरम करतात तेव्हा फक्त काठ तापवतात आणि बाकीवर ओलं फडकं असतं. पण गुंड फूटभर उंच आहे. पुंगळी बोटाएवढी.

आता तो आवाज.

मामांनी चारही पुंगळ्या एकेक करून फरशीवर टाकल्या. मी फोनवर रेकॉर्ड करत होतो, कारण मला या भागासाठी काहीतरी 'साउंड' पाहिजे होता, इतकंच. तीन वाजल्या. चौथी वाजली नाही. मामांनी मोगरी खाली ठेवली आणि ती चौथी डोळ्याजवळ नेली. मानेवर उभी, केसासारखी रेघ. नखाला लागत होती.

मग त्यांनी जे केलं ते मी कॉलेजात चार वर्षांत पाहिलं नव्हतं. बाकी तिन्ही पुंगळ्यांच्या मानेला रॉकेल लावलं, थोडा वेळ ठेवल्या, कोरड्या पुसल्या आणि खडूची पूड चोळली. पाच मिनिटांनी त्यातल्या एकीच्या पांढऱ्या पुडीवर बारीक ओलसर रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. म्हणजे जी 'टिण्ण' वाजली तीसुद्धा तडकलेलीच होती. कानालाही ती चुकवून गेली. इंजिनिअरिंगमध्ये याच तपासणीला मोठं नाव आहे आणि त्याचे महागडे स्प्रे मिळतात. मामांनी ते दुकानातून आणलेल्या खडूने केलं.

मामेभाऊ गप्प. या पुंगळ्या एकदाच झाडलेल्या होत्या, कुणी परत भरलेल्या नव्हत्या. मग तडकल्या कशा? मामांनी विचारलं, "डबा कोठं ठेवते तो बुढा?"

डबा गोठ्यात होता. वर, आडव्या बल्लीवर, कित्येक वर्षं. खाली तीन बैल आणि एक म्हैस.

मामांना कारण सांगता येत नव्हतं, पण गोठ्यात ठेवलेली पितळेची भांडी वाकलेल्या जागी चिरतात हे त्यांनी दुरुस्तीला येणाऱ्या भांड्यांवरून ओळखलेलं. म्हणाले, "गोठ्यातला गुंड मी डाग देऊन देतो, पन हमी नाई देत."

कारण मला रात्री सापडलं आणि वाचताना अंगावर काटा आला, कारण ती गोष्टच हिंदुस्थानातली आहे. ब्रिटिश फौजेला इथे एक विचित्र त्रास व्हायचा. पावसाळ्यात मोहिमा थांबायच्या, दारूगोळा तबेल्यांमध्ये ठेवून द्यायचे. पावसाळा संपला की डबे उघडायचे आणि न झाडलेल्या काडतुसांना तडे! विशेषतः जिथे पुंगळी आवळून गोळीला घट्ट धरलेली असते तिथे. मोसमात तडकतात म्हणून इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. उलगडा १९२१ मध्ये झाला. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढताना-आवळताना त्याच्यात अडकून राहिलेला ताण, ही दोन्ही एकत्र आली की पितळ तडकतं. उपायही निघाला. पुंगळी पूर्ण नरम होणार नाही एवढ्याच मंद आचेवर तापवायची, म्हणजे आतला ताण उतरतो.

तबेला आणि गोठा. अमोनियाला घोडा काय आणि म्हैस काय.

आणि म्हणूनच भांडी चमकवायच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो ती पुंगळ्यांना लावू नये असं परदेशातले जाणकार लोक सांगतात. रीलमध्ये हे नव्हतं. रील चाळीस सेकंदांची होती.

आता दोन गोष्टी पटकन. एक कायदा. आपल्याकडे काडतूस घरी भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याला वेगळा परवाना लागतो. आजोबांचा बाळगायचा परवाना त्याला चालत नाही. विनापरवाना बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. हे वाचून दाखवलं तेव्हा मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि पोराकडे अशी पाहिली की मला कलम २५ परत वाचायची गरज पडली नाही.

दुसरी, "मंग शूटिंगवाले काय करतात?" हा त्याचा प्रश्न. चांगला प्रश्न होता. आपला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य जिंकला. तो झाडतो ती .२२ ची गोळी. तिच्यात प्रायमरचा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत असतो आणि पिन त्या कडेलाच चेपते. ती पुंगळी परत भरण्याच्या कामाची राहत नाही. १० मीटरवाल्यांच्या रायफलमध्ये तर दारूच नाही, दाबलेली हवा. म्हणजे तुम्हाला नेमबाजीचं वेड असेल तर त्यासाठी पुंगळी दाबायची गरज पडत नाही. मामेभाऊ एनसीसीत होता, त्याला आठवलं की फायरिंगनंतर एकूणएक पुंगळी मोजून परत घ्यायचे. तेव्हा त्याला ते खडूस वाटायचं.

आणखी एक बोललो नाही आम्ही, पण शेडमध्ये सगळ्यांच्या मनात होतं. २४ जानेवारी २०२५. त्या सकाळी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट झाला, आठ कामगार गेले. मी तेव्हा पुण्यात ऑफिसात होतो, फॅमिली ग्रुपवर एकामागून एक मेसेज, कोण कुठल्या शिफ्टला होतं ते विचारणारे. भंडाऱ्यात कुणाचा ना कुणाचा माणूस तिथे कामाला असतोच. त्या लोकांचं आयुष्य दारू हाताळण्यात जातं. आम्ही मात्र तिला टेबलावर मोजायला निघालो होतो. मी विषय काढला नाही. मामांनी भट्टीचा भाता बंद केला आणि म्हणाले, जेवून घ्या.

दुपारी आम्ही तिघं आजोबांकडे गेलो, पुंगळ्या परत द्यायला. मामेभावाने स्वतः सांगितलं की न विचारता नेल्या होत्या. आजोबा रागावले नाहीत, हसले. मग डबा काढला आणि आम्ही हसायचे थांबलो. त्यात रिकाम्या पुंगळ्यांसोबत तीन भरलेली काडतुसंही होती. त्याच गोठ्यात, त्याच बल्लीवर, तितकीच वर्षं. "डुकरं धानात आले का लागतील म्हनून ठेवले," म्हणाले.

आजोबांनी ती मामांपुढे धरली. "वाजवून पाय ना गड्या, कोनतं चांगलं हाय ते."

मामा दोन पावलं मागे सरले. "रिकामं आना, वाजवतो. भरलेलं मले दाखवू पन नका."

त्या काडतुसांच्या मानेवर तडे होते की नाही ते आम्ही पाहिलं नाही. रेघ दिसली नाही म्हणून रेघ नाही असं नसतं, हे सकाळीच कळलं होतं. सोमवारी आजोबा परवाना आणि डबा घेऊन तालुक्याला गेले, नातू सोबत होता. तिन्ही जमा करून आले. रायफल आता घरात, कुलपात आहे. धानात डुकरं अजून येतात.

चला, इथेच थांबतो. तुमच्याकडे गोठ्यात, माळ्यावर, कुठे जुनं पितळ पडलं असेल तर कमेंटमध्ये फोटो टाका, मामांना दाखवतो. काडतुसाचा मात्र टाकू नका.